प्रश्न वाचकांचे : चौथ्या बाजूचा जोड

चार जाड प्लेटा कडेला कड लावून वेल्ड केल्या की चौकोनी, पोकळ बॉक्स कॉलम तयार होतो. दोन्ही दिशांना त्याची ताठरता सारखी असल्यामुळे, चारही बाजूंनी तुळया येणाऱ्या उंच पोलादी इमारतींत त्याला मोठी मागणी असते. या कॉलमच्या जोडांविषयी आणि भूकंपातील त्यांच्या वागणुकीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. दुसऱ्या पत्राचे उत्तर इतरांपेक्षा बरेच लांबले आहे, कारण या कॉलमच्या सर्वांत अवघड जोडाचा प्रश्न त्याच पत्रात आला आहे.

प्रश्न : मी दोन वर्षे संरचना अभियंता म्हणून काम करतो आहे. तुळईची फ्लँज (वरची किंवा खालची आडवी पट्टी) बॉक्स कॉलमला जोडताना वर आणि खाली पुरेशा मापाचे फिलेट वेल्ड (कोपऱ्यात भरलेले तिकोनी वेल्ड) दिले, तर गणिताने जोडाची ताकद फ्लँजएवढी भरते. तरीही आमचे वरिष्ठ पूर्ण पेनिट्रेशनचा, म्हणजे सगळी जाडी एकजीव करणारा, ग्रूव्ह वेल्डच हवा असे म्हणतात. हा केवळ रूढीचा आग्रह आहे का?

उत्तर : आपल्या वरिष्ठांचा आग्रह रास्त आहे. आपण जोडाची ताकद मोजली ती एकाच दिशेने, हळूहळू वाढत जाणाऱ्या भाराखाली. भूकंपात मोमेंट फ्रेमची, म्हणजे तुळया आणि कॉलम यांच्या ताठ जोडांवर उभ्या असलेल्या सांगाड्याची, सगळी भिस्त तुळईच्या टोकाशी पोलाद यील्ड होऊन (न तुटता कायमचे वाकून) ऊर्जा शोषून घेईल यावर असते. म्हणजे ते टोक थोड्या सेकंदांत अनेकदा वर-खाली वाकणार, दर खेपेला यील्डच्या पलीकडे जाणार, आणि जोडाने मात्र शाबूत राहायचे. अशा वेळी जोडावर किती बल येईल हे आपल्या भारगणितावर अवलंबून राहत नाही. तुळई स्वतः जेवढे बल निर्माण करू शकते तेवढे सगळे जोडावर येते. त्यात प्रत्यक्ष पोलाद कागदावरच्या किमान मूल्यापेक्षा बहुधा अधिक सशक्त निघते. अमेरिकेतील भूकंपविषयक नियमांत ए-३६ प्रतीच्या रोल केलेल्या सेक्शनांचा अपेक्षित यील्ड ताण किमान मूल्याच्या १.५ पट धरतात. एरवी फायद्याची वाटणारी ही जादा ताकद भूकंपात जोडाच्या अंगावर येते.

आता फिलेटकडे पाहा. वर एक आणि खाली एक असे दोन फिलेट दिले, की मधल्या जाडीत फ्लँजची कड कॉलमला नुसती टेकून राहते. ती वितळून एकजीव झालेली नसते. ही न जुळलेली रेघ म्हणजे ओढीच्या दिशेला काटकोनात पडलेली तयार भेग होय. साध्या भाराखाली ती वर्षानुवर्षे निमूट राहील. पण आजूबाजूचे पोलाद यील्ड होऊ लागले की तिच्या टोकाशी विकृती एकवटते, आणि काही हेलकाव्यांतच भेग वेल्डमधून वाट काढते. ग्रूव्ह वेल्डमध्ये फ्लँजची पूर्ण जाडी कॉलमशी एकजीव होते आणि ही रेघ उरतच नाही.

मात्र ग्रूव्ह वेल्ड दिला म्हणजे काम झाले असेही समजू नये. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजलिसच्या नॉर्थरिज भागात ६.७ परिमाणाचा भूकंप झाला, तेव्हा शंभराहून अधिक पोलादी इमारतींत ज्या जोडांना तडे गेले ते पूर्ण पेनिट्रेशनचेच होते. त्या इमारती कोसळल्या नाहीत, आणि म्हणूनच कित्येक ठिकाणी छत आणि आगरोधक लेप काढून पाहीपर्यंत आत काय झाले आहे याचा पत्ताही लागला नाही. तडे बहुतांशी खालच्या फ्लँजच्या वेल्डपासून निघाले होते. तिथे वेल्डर वरून वेल्डिंग करतो. मध्ये तुळईची वेब (दोन फ्लँजांमधली उभी पट्टी) आडवी येते, त्यामुळे प्रत्येक थर वेबपाशी तोडून पलीकडून पुन्हा सुरू करावा लागतो, आणि नेमक्या त्या अडचणीच्या जागी दोष साठतात. वेल्डच्या रूटखाली (सर्वांत तळच्या थराखाली) वितळलेला धातू अडवायला लावलेली बॅकिंग पट्टी तशीच ठेवली जात असे. पट्टी आणि कॉलम यांच्यातील फट ही वर सांगितलेल्या रेघेचीच दुसरी आवृत्ती ठरली. त्यातच ई-७० टी-४ ही सर्रास वापरली जाणारी फ्लक्स-कोअर तार ताकदीला पुरेशी असली तरी चिवटपणात (भेग पसरू न देण्याच्या गुणात) फार कमी पडत होती, आणि चिवटपणाची अट त्या काळी कोणी घालतही नव्हते.

त्यानंतर नियम बदलले. अशा निर्णायक वेल्डच्या धातूने चार्पी चाचणीत (खाच पाडलेला नमुना हातोड्याच्या एका घावाने तोडून पाहण्याच्या चाचणीत) उणे १८ अंश सेल्सियसला किमान २७ ज्यूल आणि २० अंशांना किमान ५४ ज्यूल ऊर्जा शोषली पाहिजे, अशी अट आली. खालच्या फ्लँजची बॅकिंग पट्टी काढून, रूट खरवडून तिथे ८ मिलिमीटरचा फिलेट द्यायचा, आणि वरच्या फ्लँजची पट्टी ठेवायचीच असेल तर तिच्या खालच्या अंगाला तसाच फिलेट देऊन ती फट बंद करायची, अशी पद्धत रूढ झाली. विशेष मोमेंट फ्रेमच्या जोडाने ०.०४ रेडियनपर्यंत मजल्याचा कल सोसल्याचे प्रयोगाने दाखवावे लागते. पूर्ण पेनिट्रेशन हे या यादीतले पहिले कलम आहे, आणि उरलेली कलमे पाळली नाहीत तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आपला प्रश्न बॉक्स कॉलमचा आहे म्हणून एक गोष्ट अधिक सांगतो, कारण एच आकाराच्या कॉलमवरची सवय इथे हमखास फसवते. एच कॉलममध्ये तुळईच्या वेबच्या बरोबर मागे कॉलमची वेब उभी असते. बॉक्स कॉलममध्ये तुळईची वेब प्लेटच्या मध्यावर येऊन टेकते आणि तिच्या मागे पोकळी असते. प्लेट ढोलाच्या पानासारखी आत-बाहेर लवते आणि वेबने उचलायचा मोमेंटचा (वाकवणाऱ्या जोराचा) वाटा तिला पुरता उचलता येत नाही. तो वाटा फ्लँजवर जातो, आणि फ्लँजमध्येही ताण सारखा पसरत नाही, तर कॉलमच्या ताठ बाजूच्या प्लेटा जिथे जवळ पडतात त्या दोन कडांकडे सरकतो. गणितात वेबचा पूर्ण वाटा धरून चाललात तर फ्लँजच्या वेल्डवर आपल्या आकड्यापेक्षा बराच अधिक ताण येईल. कॉलमजवळ फ्लँज रुंद करणे, किंवा कॉलमपासून थोड्या अंतरावर ती दोन्ही बाजूंनी कोरून यील्ड होण्याची जागा दूर सरकवणे, हे त्यावरचे दोन परिचित उपाय आहेत.

प्रश्न : मी फॅब्रिकेशनच्या कारखान्यात पर्यवेक्षक आहे. तुळईच्या फ्लँजच्या पातळीवर बॉक्स कॉलमच्या आत डायफ्रॅम (पोकळी आडवी बंद करणारी प्लेट) बसवायचा असतो. त्याच्या तीन बाजू आत हात घालून वेल्ड करता येतात. पण चौथी प्लेट बसवून पेटी बंद झाली की शेवटच्या बाजूला पोचताच येत नाही. तिथे इलेक्ट्रोस्लॅग वेल्डिंग करावे असे सुचवले आहे. भूकंपाच्या दृष्टीने हा जोड विश्वासाचा आहे का? आमच्या वेल्डरांना तो सोपा वाटतो आणि नेमकी तीच मला भीती वाटते.

उत्तर : आपली भीती मला मोलाची वाटते, कारण हा जोड बाहेरून दिसत नाही आणि एकदा झाला की दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते.

आधी तो चौथ्या बाजूचा जोड नेमके काय करतो ते पाहू. तुळईची फ्लँज कॉलमची प्लेट ओढते. ती ओढ प्लेटच्या जाडीतून आरपार जाऊन डायफ्रॅममध्ये शिरते, आणि डायफ्रॅम ती बाजूच्या दोन प्लेटांना देतो. डायफ्रॅम नसेल किंवा त्याचा जोड तुटला, तर कॉलमची प्लेट बाहेर फुगते आणि फ्लँजचा सगळा ताण तिच्या दोन कडांवर येतो. म्हणजे आतला जोड निकामी झाला तर बाहेरचा, आपण डोळ्यांत तेल घालून केलेला वेल्डही त्याच्यामागोमाग जातो. म्हणून दोन्ही जोडांना एकाच साखळीच्या कड्या समजावे.

इलेक्ट्रोस्लॅगमध्ये डायफ्रॅमची कड कॉलमच्या प्लेटपासून साधारण २५ मिलिमीटर अलीकडे ठेवतात आणि दोन्ही अंगांना बॅकिंग पट्ट्या लावून एक चौकोनी नळी तयार करतात. कॉलम आडवा असतो, नळी उभी असते. वरच्या आणि खालच्या प्लेटांना पाडलेल्या भोकांतून तिच्यात नोझल सोडतात. सुरुवातीला आर्क पेटतो, पण फ्लक्स (वेल्डवर टाकलेली पूड) वितळून स्लॅगचे, म्हणजे वितळलेल्या मळीचे, तळे झाले की आर्क विझतो, आणि त्या तळ्याच्या विद्युतरोधामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेत तार वितळत जाऊन वेल्ड खालून वर चढतो. एका दमात सगळी जाडी भरली जाते. आपल्या वेल्डरांना जे सोपे वाटते ते हेच. पुष्कळ ठिकाणी समोरासमोरच्या दोन बाजू एकाच वेळी याच पद्धतीने भरतात, म्हणजे आकुंचनाने कॉलम एका अंगाला वाकत नाही.

याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. साध्या आर्क वेल्डिंगमध्ये दर सेंटिमीटरला सामान्यतः १० ते ३० किलोज्यूल उष्णता धातूत जाते. इलेक्ट्रोस्लॅगमध्ये हा आकडा ५०० ते १,००० किलोज्यूलपर्यंत पोचतो. एवढी उष्णता सावकाश निवते, आणि तोवर वेल्डलगतच्या प्लेटमधले स्फटिक वाढून भरड होतात. ताकद फारशी कमी होत नाही, पण चिवटपणा घसरतो, आणि ठिसूळ भेगेला लागते ती हीच परिस्थिती. पुलांच्या बाबतीत याचा अनुभव आधीच आला होता. जानेवारी १९७७ मध्ये पिट्सबर्गजवळ ओहायो नदीवरील पुलाचा मुख्य गर्डर इलेक्ट्रोस्लॅग जोडाच्या जागी दुभंगला, तो वेल्डिंगनंतर दुरुस्ती केलेल्या ठिकाणापासून. त्यानंतर अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने पुलांच्या ओढीतल्या मुख्य भागांत ही पद्धत बंद केली, आणि सुधारित, अरुंद फटीच्या स्वरूपात तिला पुन्हा वाट मिळायला अनेक वर्षे जावी लागली. यातून पद्धतच टाकाऊ ठरते असे मी म्हणणार नाही. जपानमध्ये अधिक उष्णता सोसणारी पोलादे खास विकसित झाली, ज्यांत टायटॅनियम नायट्राइडचे सूक्ष्म कण स्फटिकांची वाढ अडवतात. प्लेट अशा प्रकारची आहे की सर्वसाधारण, हे खरेदीच्या कागदावर पाहिल्याशिवाय या वेल्डला होकार देऊ नये.

दुसरा धोका भूमितीचा आहे, आणि माझ्या मते तो अधिक वेळा दुर्लक्षिला जातो. बॅकिंग पट्टी कॉलमच्या प्लेटला नुसती टेकलेली असते. वेल्डचा गोळा जिथे संपतो तिथून पुढे पट्टी आणि प्लेट यांच्यात एक बारीक फट कायम राहते. फ्लँज आणि डायफ्रॅम एका रेषेत असतील तर ओढ सरळ गोळ्यातून जाते. पण दोघांत काही मिलिमीटरचा फरक पडला, की प्लेट त्या फटीपाशी वाकते, फटीचे टोक उघडते, आणि भरड स्फटिकांचा पट्टाही नेमका तिथेच असतो. तुळया वेगवेगळ्या खोलीच्या असल्या किंवा कॉलम उभारताना पातळी थोडी चुकली, तरी हा फरक सहज पडतो. म्हणून डायफ्रॅम फ्लँजपेक्षा जाड घ्यावा, आणि वितळलेल्या गोळ्याची रुंदी फ्लँजच्या जाडीला दोन्ही अंगांनी पुरून उरेल अशी पाहावी. एक साधी गोष्ट मी प्रत्येक कारखान्यात आग्रहाने सांगतो: पेटी बंद करण्याआधी डायफ्रॅमची मध्यरेषा कॉलमच्या बाहेरच्या चारही अंगांवर पंचने कोरून ठेवा. खडूची खूण वाहतुकीत पुसली जाते, आणि मग उभारणीच्या जागी आत डायफ्रॅम कुठे आहे हे अंदाजाने ठरवावे लागते.

तिसरी गोष्ट प्लेटची. ओढ तिच्या जाडीतून आरपार जाते, आणि रोलिंगमध्ये चपटे झालेले सल्फाइडचे कण त्याच दिशेला तिला कमकुवत करतात. प्लेट पुस्तकाच्या पानांसारखी थरांत सुटू शकते. जपानच्या एसएन-४९० सी या प्रतीत गंधक ०.००८ टक्क्यांच्या आत ठेवतात आणि जाडीच्या दिशेने ओढून तोडलेल्या नमुन्याचे क्षेत्रफळ सरासरी निदान २५ टक्के आकसले पाहिजे अशी अट असते. युरोपीय मानकातील झेड-१५, झेड-२५, झेड-३५ या प्रतीही याच गुणासाठी आहेत. डायफ्रॅमच्या पातळीवरच्या प्लेटेला ही अट लावा.

आता कामाची पद्धत. प्रत्यक्ष कामातलीच प्लेट, तीच जाडी आणि तीच तार घेऊन नमुना जोड करा, तो आडवा कापून, घासून, आम्लाने उठवून पाहा. गोळ्याची रुंदी आणि दोन्ही बाजूंचे भेदन डोळ्यांनी दिसते. वेल्ड, मीलनरेषा (वेल्ड आणि मूळ प्लेट मिळतात ती रेषा) आणि उष्णतेने बाधित पट्टा या तिन्ही ठिकाणांहून चार्पीचे नमुने घ्या, कारण वेल्डच्या मध्यावरचा चांगला आकडा शेजारच्या पट्ट्याविषयी काहीच सांगत नाही. नळीत ओल, गंज किंवा तेल राहू देऊ नका. आणि एकदा सुरू केलेला वेल्ड मध्ये थांबू देऊ नका. थांबला तर तिथे हमखास न जुळलेला थर राहतो, आणि वरून पुन्हा सुरू करून तो झाकण्याचा मोह होतो. तसे झाल्यास तो जोड नाकारलेला समजून दुरुस्तीची स्वतंत्र, लेखी पद्धत ठरवा. एवढे पाळले तर हा जोड भूकंपात भरवशाचा ठरतो. हे पाळण्याची तयारी नसेल, तर डायफ्रॅम कॉलमच्या आरपार नेणारा किंवा बाहेरून कड्यासारखा बसवणारा तपशील घ्यावा. त्यात सगळे वेल्ड हाताला आणि डोळ्याला पोचतात.

प्रश्न : बॉक्स कॉलमच्या चारही कोपऱ्यांचे लांब वेल्ड पूर्ण उंचीभर पूर्ण पेनिट्रेशनचे असावेत असे निविदेत लिहिले आहे. खर्च आणि वेळ फार वाढतो. अंशतः पेनिट्रेशन चालेल का?

उत्तर : दोन मजल्यांच्या मधल्या उंचीत बहुधा चालेल, तुळईच्या जोडाजवळ मात्र चालणार नाही. मधल्या भागात कोपऱ्याचा वेल्ड मुख्यतः वाकण्यातून येणारी कातर (दोन भाग एकमेकांवरून सरकवू पाहणारे बल) सोसतो, आणि न जुळलेला रूट कॉलमच्या लांबीला समांतर असतो. भेग ओढीच्या दिशेलाच पसरलेली असली की ती उघडण्याचे कारण राहत नाही. तुळया मिळतात त्या पॅनेल झोनमध्ये तसे नसते. तिथे बाजूच्या दोन प्लेटांतून प्रचंड कातर जाते, डायफ्रॅमने दिलेले बल कोपऱ्यातूनच फिरते, आणि भूकंप तिरक्या दिशेने आला तर दोन्ही दिशांच्या तुळया एकाच कोपऱ्यावर एकदम ओढ आणतात. अमेरिकेच्या जोडविषयक मानकात म्हणूनच वरच्या फ्लँजच्या वर ३०० मिलिमीटरपासून खालच्या फ्लँजच्या खाली ३०० मिलिमीटरपर्यंत पूर्ण पेनिट्रेशन मागितले आहे, आणि त्याबाहेर सलग फिलेट किंवा ग्रूव्ह वेल्ड पुरतो. कॉलमचे दोन तुकडे जिथे जोडले जातात तिथे आणि तळाच्या प्लेटजवळही मी पूर्ण पेनिट्रेशनच मागेन. जिथे कॉलममध्येच निव्वळ ओढ येऊ शकते, उदाहरणार्थ उंच आणि अरुंद इमारतीच्या कडेच्या कॉलममध्ये, तिथे खर्चाचा विचार मागे ठेवावा. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात आशियाहामा येथील उंच निवासी इमारतींचे जाड प्लेटांचे बॉक्स कॉलम ठिसूळपणे आडवे तुटले, काही वेल्डजवळ तर काही मूळ प्लेटमध्येच. पहाटे पावणेसहाच्या सुमारास, कडक थंडीत ते घडले, आणि थंडीत पोलादाचा चिवटपणा आणखी घटतो. जाड प्लेट म्हणजे सुरक्षित प्लेट, हा समज त्या घटनेनंतर तरी सोडून द्यायला हवा.

निविदा बदलून घेताना एक काळजी घ्या. पूर्ण पेनिट्रेशनचा भाग जिथे संपतो तिथे खाचेची खोली एकदम न बदलता उताराने कमी करा, आणि ती जागा पॅनेल झोनपासून दूर ठेवा.

प्रश्न : अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) तपासणीत जोड निर्दोष ठरला, तर तो भूकंपात टिकेल असे मानावे का? कॉलममध्ये काँक्रीट भरल्यास डायफ्रॅम टाळता येतो का?

उत्तर : तपासणी दोष शोधते, चिवटपणा तिला दिसत नाही. वेल्ड सलग असूनही ठिसूळ असू शकतो, आणि ते फक्त आधीच्या नमुना चाचणीत कळते. शिवाय बॅकिंग पट्टीजवळच्या फटीचा प्रतिध्वनी आणि खऱ्या भेगेचा प्रतिध्वनी पडद्यावर सारखेच भासतात, म्हणून तपासणाऱ्याला आतला तपशील आणि वर सांगितलेली पंचची रेषा माहीत असणे आवश्यक आहे.

काँक्रीट प्लेटला आत दबू देत नाही, त्यामुळे दाबाच्या बाजूला मोठी मदत होते. ओढीच्या बाजूला प्लेट काँक्रीटपासून सुटून बाहेर येते, तिथे काँक्रीटचा आधार नाही, डायफ्रॅम हवाच. त्याच्या मध्यावर काँक्रीट उतरायला मोठे भोक आणि कोपऱ्यांत हवा निघून जायला लहान भोके ठेवा, नाहीतर डायफ्रॅमखाली पोकळी राहते. भोकांमुळे गेलेले क्षेत्रफळ डायफ्रॅमच्या गणितातून वजा करायला विसरू नका.